टाकीत परत परत येणारे पांढरे ठिपके: इकचा मुळापासून बंदोबस्त

माशाच्या अंगावर रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात. दुकानातून औषधाची बाटली येते, तीन-चार दिवस थेंब पडतात, ठिपके जातात आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. आठ-दहा दिवसांत ठिपके परत हजर, तेही दुपटीने. मग दुसरे औषध, तिसरे औषध, कुणीतरी सुचवलेली हळद, आणि शेवटी ‘आमच्याकडे मासे टिकतच नाहीत’ म्हणत टाकी माळ्यावर जाते. यात इतके मासे हकनाक मरतात की फार वाईट वाटते, कारण ‘इक’ नावाचा हा रोग पूर्ण जातो. औषध कोणते वापरले यापेक्षा ते किती दिवस आणि किती तापमानाला वापरले, यावर सगळे ठरते. ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवायचा, या एका सवयीमुळे इक टाकीत मुक्काम ठोकतो.

ठिपक्याच्या आत कोण असते

इक म्हणजे इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी. फ्रान्समध्ये फूके या संशोधकाने १८७६ साली त्याचे वर्णन केले. जगभर गोड्या पाण्यातल्या जवळपास कोणत्याही माशाला तो धरतो. त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे नीट कळले की पुढचा सगळा उपचार आपोआप समजतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला टप्पा माशाच्या कातडीत. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे वरच्या त्वचेखाली बसून माशाच्या पेशी खाणारा परजीवी. वाढून तो साधारण एक मिलिमीटरपर्यंत जातो. त्याच्यावर त्वचेचे पांघरूण असते, त्यामुळे पाण्यात टाकलेले औषध त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाही. माशावरचा ठिपका औषधाने ‘मारला’ असे कुणी म्हणत असेल, तर तसे झालेले नसते. पोट भरल्यावर तो स्वतःहून गळून पडला, एवढेच.

दुसरा टप्पा तळाशी. गळलेला परजीवी काही तासांत खडीला, पानाला, काचेला किंवा फिल्टरच्या नळीला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो. आत त्याचे विभाजन सुरू होते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत एका कवचातून शेकडो, कधी हजाराच्या घरात पिल्ले तयार होतात. इथेही औषधाचा उपयोग नाही.

तिसरा टप्पा पाण्यात. कवच फुटते आणि डोळ्यांना न दिसणारी ही पिल्ले मासा शोधत पोहू लागतात. त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मीठ, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन ही औषधे, अतिनील दिवा यांचा घाव बसतो तो याच टप्प्यावर.

या चक्राचा वेग तापमानावर अवलंबून आहे. २४ ते २६ अंश सेल्सियसला एक फेरी साधारण तीन ते सहा दिवसांत पुरी होते. १५-१६ अंशांना तिलाच दहा दिवस किंवा जास्त लागतात आणि दहा अंशांखाली महिन्याहून अधिक. म्हणजे डिसेंबरात नाशिकच्या घरात हीटरशिवाय ठेवलेल्या टाकीत चार दिवस औषध टाकले, तर बहुतेक परजीवी त्या काळात कातडीत किंवा कवचात सुरक्षित बसलेले असतात. औषधाचा असर संपल्यावर ते बाहेर येतात.

‘इक पाण्यात कायम असतोच, मासा अशक्त झाला की धरतो’ असे दुकानांत सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. माशाशिवाय हा परजीवी जगू शकत नाही. तो तुमच्या टाकीत आला तो नव्या माशाबरोबर, वनस्पतीबरोबर, ओल्या जाळीबरोबर किंवा दुकानाच्या पिशवीतल्या पाण्याबरोबर. मात्र एकदा आजारातून उठलेल्या माशाला काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते आणि अशा माशाच्या कल्ल्यांत दोन-चार परजीवी गुपचूप राहू शकतात. अंगावर एकही ठिपका नसतो. मग एखाद्या रात्री पाणी एकदम थंड होते, मासे ताणात येतात आणि रोग ‘अचानक’ उद्भवतो.

आधी ओळख पक्की करा

सकाळी टाकीचा दिवा लावण्याआधी मोबाइलचा टॉर्च काचेला तिरपा धरून माशाकडे बघा. इकचे ठिपके सुटे, गोल आणि साधारण एकाच आकाराचे असतात. पारदर्शक परांवर ते सगळ्यात आधी आणि स्पष्ट दिसतात. मासा खडीवर, दगडावर अंग घासतो, पर मिटून घेतो, कल्ले भराभर हलवतो. कल्ल्यांत संसर्ग जास्त असेल तर अंगावर ठिपके यायच्या आधीच मासे दगावू शकतात, त्यामुळे ‘दोनच तर ठिपके आहेत’ म्हणून निश्चिंत राहू नका.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते बघू. गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने पांढरे दाणे आले असतील आणि मासा खात-पीत मजेत असेल, तर तो विणीच्या हंगामातला नर आहे. त्याला औषध देऊ नका. टॉर्चच्या उजेडात अंगावर सोनेरी-पिवळसर बारीक भुकटीसारखा थर चमकत असेल तर तो वेल्वेट नावाचा दुसरा रोग. त्याचा परजीवी वेगळा, तो प्रकाशावरही थोडाफार पोसतो, म्हणून त्याच्यावर टाकी झाकून अंधार करण्याचा उपयोग होतो. ठिपके लहान-मोठे, कातडीच्या वर उभे राहिलेले आणि जरा केसाळ दिसत असतील तर एपिस्टायलिस या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचा संशय घ्या. तो सडके अन्न आणि जंतूंनी भरलेल्या घाण पाण्यात फोफावतो, सोबत बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो आणि नुसते तापमान वाढवले तर प्रकरण चिघळू शकते. गप्पीच्या गुदद्वारातून लाल बारीक धागे लोंबत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यांना लिव्हॅमिसोलसारखे जंतांचे औषध लागते, पुढच्या कशाचाही फायदा होणार नाही.

घरात मुलांचा शाळेचा मायक्रोस्कोप असेल तर त्याचा जरूर उपयोग करा. नुकत्याच मेलेल्या माशाच्या परावरचा ठिपका काचपट्टीवर घेऊन थेंबभर टाकीच्या पाण्यात बघितला, तर सावकाश गोल फिरणारी गडद पेशी दिसते आणि तिच्यात नालाच्या आकाराचे केंद्रक. ते एकदा दिसले की शंकेला जागा राहत नाही.

पहिला दिवस: औषधाच्या आधीची कामे

सगळ्यात आधी पाणी किती आहे ते मोजा. टाकी ‘दोन फुटी’ आहे एवढ्यावर मात्रा ठरवू नका. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि हजाराने भागा. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि २५ सेंमी पाणी म्हणजे ४५ लिटर. खडी आणि दगडांनी अडवलेली जागा वजा करून ४० लिटर धरा. हा आकडा कागदावर लिहून टाकीला चिकटवा. पुढचे सगळे हिशेब त्यावरून होतील.

मग अर्धे पाणी नाही, पण तिसरा हिस्सा बदला. सायफनची नळी खडीत खुपसून तळातला गाळ ओढून काढा. कवचातले परजीवी याच गाळात असतात आणि प्रत्येक सायफनिंगला त्यांची एक खेप टाकीबाहेर जाते. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढणारे द्रव घाला आणि नव्या पाण्याचे तापमान जुन्याला जुळवून घ्या. गच्चीवरच्या टाकीतले थंडीतले पाणी थेट ओतणे म्हणजे आजाऱ्याला आणखी एक धक्का.

फिल्टरमध्ये कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर काढा. तो औषध शोषून घेतो आणि तुम्ही रोज थेंब टाकत राहता. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्यांची गरज नेहमीपेक्षा जास्त आहे. फारच तुंबला असेल तर बदललेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा.

एअर पंप नसेल तर आणा. हे ऐच्छिक नाही. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. कल्ले आधीच सुजलेल्या माशाला हा फरक जाणवतो. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी ठेवा. वीज गेली की हीटरही बंद पडतो, तेव्हा टाकीभोवती जाड चादर गुंडाळली तर तापमान सावकाश उतरते.

आजारी मासा तेवढा उचलून वेगळ्या भांड्यात ठेवण्याचा मोह टाळा. बाकीच्यांच्या कल्ल्यांत आणि खडीत परजीवी आहेतच, त्यामुळे उपचार अख्ख्या टाकीचा करायचा. वेगळे काढायचे ते कोळंबी, गोगलगायी आणि नाजूक वनस्पती. त्यांना मासे नसलेल्या बादलीत, २५ अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवा. त्यांच्यावर कवच चिकटलेले असले तरी फुटल्यावर पिल्लांना मासा मिळणार नाही आणि ती मरतील. एक थेंब औषध न घालता झाडे इकमुक्त होतात. मला हा उपाय फार आवडतो.

उष्णता आणि मीठ: पहिली पसंती

गप्पी, मॉली, प्लॅटी, गुरामी, फायटर, एंजल, बहुतेक बार्ब यांच्यासाठी मी आधी हाच मार्ग सुचवेन. खर्च कमी, फिल्टरला धोका नाही, आणि चुकलात तर पाणी बदलून मागे येता येते.

हीटर दर दोन-तीन तासांना एक अंश असा चढवत दीड दिवसात ३० अंशांवर आणा. ३० अंशांच्या आसपास बहुतेक इकचे पुनरुत्पादन अडखळते. वाटेत चक्राचा वेग वाढतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढल्यासारखे वाटतील. घाबरून औषध बदलू नका. काचेवर चिकटवायच्या पट्टीच्या थर्मामीटरवर भरवसा नको. काचेचा किंवा डिजिटल घ्या आणि हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा. हीटरच्या बटणावर ३० लिहिलेले असते, आणि पाणी २७ वर अडकलेले असते. ‘उष्णतेने काही झाले नाही’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ इथे सापडते. मुंबईत लिटरमागे एक वॉट हीटर पुरतो. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत, ४० लिटरलाही १०० वॉटचा लागेल.

मिठाचे प्रमाण लिटरमागे २ ग्रॅम. आपल्या ४० लिटरला ८० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, चमच्याचा अंदाज नको. जाडे मीठ घ्या. सैंधव, काळे मीठ किंवा काही मिसळलेले मीठ नको. ४० ग्रॅम आज संध्याकाळी, ४० ग्रॅम उद्या सकाळी. दरवेळी मगभर टाकीच्या पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेजवळ सावकाश ओता. खडे तसेच तळाशी टाकले तर तळाशी राहणाऱ्या माशांची कातडी भाजते. गप्पी, मॉली आणि गोल्डफिशला तिसऱ्या दिवशी आणखी ४० ग्रॅम घालून लिटरमागे ३ ग्रॅमपर्यंत नेता येते.

आता हिशेबातली एक गोष्ट जिथे बरेच जण चुकतात. पाणी वाफ होऊन कमी झाले तर मीठ टाकीतच राहते, म्हणून भर घालताना साधे पाणी घाला. पाणी काढून बदलले तर मीठही गेले. १० लिटर काढले तर नव्या १० लिटरमध्ये २० ग्रॅम मीठ विरघळवून मगच ओता. दोन्हींत गोंधळ झाला की आठवड्याभरात टाकी एकतर आळणी होते किंवा खारट.

ज्यांना हा मार्ग झेपत नाही

गोल्डफिशला ३० अंशांवर नेऊ नका. त्यांना २४-२५ अंश आणि ३ ग्रॅम मीठ द्या. पाणी थोडे कोमट झाल्याने चक्र वेगात येते, पिल्ले लवकर बाहेर पडतात आणि मीठ त्यांचा निकाल लावते. डेनिसन बार्ब हा सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या, केरळातल्या वाहत्या ओढ्यांचा मासा. त्याला थंड आणि भरपूर ऑक्सिजनचे पाणी लागते. ३० अंशांत तो दम टाकतो. ओढ्यातल्या लोच माशांनाही हेच लागू. कोरीडोरस, क्लाउन लोच आणि उघड्या कातडीच्या, म्हणजे खवले नसलेल्या माशांना मीठ सोसत नाही. क्लाउन लोचला इक सगळ्यांआधी होतो आणि औषधही सगळ्यांआधी बाधते. त्यांना नुसती उष्णता, फार तर लिटरमागे १ ग्रॅम मीठ, नाहीतर खाली दिलेली टब बदलण्याची पद्धत.

औषध वापरायचेच असेल तर

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन, मेथिलीन ब्लू यांपैकी एक किंवा दोन असतात. ज्या बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊ नका. दुकानदार कितीही खात्री देवो.

मॅलाकाइट ग्रीन इकवर खरोखर चालते. माशांसाठी त्याची मात्रा लिटरमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ४० लिटरच्या टाकीला उणेपुरे २ ते ४ मिलिग्रॅम. घरातला कोणताही काटा हे तोलू शकत नाही, म्हणून सुटी पूड आणून अंदाजाने टाकण्याच्या फंदात पडू नका. तयार द्रावण घ्या, लेबलवरची मात्रा खऱ्या लिटरांवर काढा, टेट्रा आणि उघड्या कातडीच्या माशांसाठी अर्धी करा. उजेडात ते विरते, म्हणून टाकीचा दिवा बंद ठेवा आणि खिडकीकडची बाजू झाका. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. काचेच्या सांध्यांतल्या सिलिकॉनवर हिरवट डाग पडले तर ते निघत नाहीत.

फॉर्मलिन अधिक जालीम. लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉर्मलिन पाण्यातला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन खाते. उपचाराची मात्रा १५ ते २५ मिलिग्रॅम असते, म्हणजे आकडे मांडले की धोका लगेच कळतो. ३० अंशांचे पाणी आणि फॉर्मलिन हे दोन्ही एकाच वेळी कधीच नको. औषध वापरणार असाल तर तापमान २६-२७ वर थांबवा आणि एअर पंप पूर्ण वेगाने चालू ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती टाकून द्या. तो साका माशांना अतिशय विषारी असतो. खिडक्या उघडून वापरा, वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

मेथिलीन ब्लू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सर्रास दिले जाते. अंड्यांवरची बुरशी रोखायला ते उत्तम. पण मुख्य टाकीत इकसाठी त्याचा भरवसा नाही आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना ते मारते. आठवडाभराने मासे इकऐवजी अमोनियाने मरतात आणि दोष रोगाला जातो. तांब्याच्या औषधांची विषारी पातळी पाण्याच्या क्षारतेप्रमाणे बदलते, शिवाय कोळंबी-गोगलगायी त्यांनी हमखास जातात. मोजायचे किट नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दोन औषधे एकत्र करायची नाहीत. एक बदलून दुसरे सुरू करायचे असेल तर आधी अर्धे पाणी बदला, कोळसा फिल्टरमध्ये एक दिवस चालवा, तो काढा आणि मग सुरुवात करा.

रोजची कामे

पहिला आठवडा रोज चौथा हिस्सा पाणी बदला आणि दरवेळी खडीचा वेगळा भाग सायफन करा. मीठ असेल तर मिठाची, औषध असेल तर औषधाची भरपाई नव्या पाण्यात करा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड चालेल.

अमोनियाचे किट वापरा. तापमान आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि आपण तर तापमान मुद्दाम वाढवले आहे. किटवर ०.२५ दिसले तरी त्या दिवशी जास्त पाणी बदला. अन्न निम्म्यावर आणा, पण चांगले द्या. दोन मिनिटांत न संपलेले काढून टाका. ठिपका गळतो तिथे कातडीला बारीक जखम राहते आणि घाण पाण्यात तिथे बुरशी किंवा पर सडणे सुरू होते. कितीतरी मासे इकमधून वाचून या दुसऱ्या दुखण्याने जातात.

वहीत रोज एक ओळ लिहा: तापमान, सगळ्यात जास्त ठिपके असलेल्या माशावरचे ठिपके, बदललेले पाणी, घातलेले मीठ. मासे पुष्कळ असतील तर एकच ओळखीचा मासा निवडून त्याच्या शेपटीवरचे ठिपके मोजा. पाचव्या-सहाव्या दिवशी मन साशंक होते तेव्हा ही वही कामी येते.

कधी थांबायचे

३० अंशांवर साधारण पाच ते सात दिवसांत अंगावरचे ठिपके जातात. इथे थांबायचे नाही. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून पुढे पूर्ण ७ दिवस तापमान आणि मीठ तसेच ठेवा, आणि एकूण उपचार १४ दिवसांपेक्षा कमी करू नका. २४-२५ अंशांवरच्या गोल्डफिशला तीन आठवडे धरा. या काळात अंगावर काहीच दिसत नसले तरी कल्ल्यांतले परजीवी आपली शेवटची फेरी पुरी करत असतात. मासा अजून अंग घासत असेल किंवा पृष्ठभागाशी येऊन श्वास घेत असेल, तर दिवसांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

मग दिवसाला एक-दोन अंश असे तापमान उतरवा आणि साध्या पाण्याने पाणी बदलत मीठ हळूहळू काढा. खारट पाणी कुंड्यांना घालू नका. औषधी पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडा, विहीर, तळे किंवा ओढ्यात नाही. आणि आजारी मासे नदीत सोडून ‘मोकळे’ करणे तर अजिबात नको. त्यातून हाच रोग तिथल्या माशांना जातो.

तरीही परत आला तर

आधी कारण शोधा. पाणी खरेच ३० अंश होते का, फिल्टरमध्ये कोळसा राहून गेला होता का, मधेच नवा मासा सोडला का, दुसऱ्या टाकीची ओली जाळी किंवा नळी वापरली का, रोग नक्की इकच आहे का, हे एकेक तपासा. इथेच बहुतेक वेळा उत्तर मिळते. क्वचित उष्णतेला दाद न देणारे इकचे प्रकारही आढळले आहेत, त्यांच्यापुढे नुसता हीटर कमी पडतो.

अशा चिवट वेळी टब बदलण्याची पद्धत वापरा. ती कष्टाची आहे, पण तिच्यात एकही रसायन नाही आणि लोच-कोरीडोरसनाही ती चालते. दोन स्वच्छ प्लास्टिकचे टब घ्या, तळात काही घालू नका. २४-२५ अंशांचे, क्लोरीन काढलेले पाणी आणि एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड. सगळे मासे पहिल्या टबात ठेवा. बारा तासांनी त्यांना जाळीने, जमेल तितके कमी पाणी बरोबर नेत, दुसऱ्या टबात हलवा. पहिला टब गरम पाण्याने घासून उन्हात कडकडीत वाळवा, जाळीसकट. अंगावरून गळून टबाला चिकटलेले परजीवी पिल्ले सोडण्याआधीच वाळून मरतात. सकाळ-संध्याकाळ हे किमान ८ दिवस करा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी ३ दिवस. रोज नवे पाणी मिळत असल्याने फिल्टरही लागत नाही. टब झाकायला विसरू नका, मासे उडी मारतात.

इकडे मुख्य टाकी माशांविना, २६-२७ अंशांवर, फिल्टर चालू ठेवून १४ दिवस तशीच राहू द्या. फिल्टरमधले जिवाणू जगावेत म्हणून रोज चिमूटभर अन्न टाका. तळात लपलेली प्रत्येक पिढी बाहेर पडेल, मासा शोधेल आणि उपाशी मरेल. सगळी खडी उकळणे, टाकी पोटॅशियम परमँगनेटने धुणे, वाळू फेकून देणे, यातल्या कशाचीही गरज नाही.

नवा मासा आणताना

क्रॉफर्ड मार्केटमधून आणा, गल्लीतल्या दुकानातून आणा किंवा कुरिअरने मागवा, मासा तिथे येण्याआधी दोन-तीन टाक्यांतून आणि लांबच्या प्रवासातून आलेला असतो. चेन्नईतल्या कोलाथूरसारख्या ठिकाणी पैदास झालेले मासे पिशव्यांतून देशभर जातात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या कल्ल्यांत इक असला तर त्यात नवल नाही. दुकानात ज्या टाकीत एका जरी माशावर ठिपका आहे, तिच्यातला दुसरा कितीही देखणा मासा घेऊ नका. एकाच पाण्याच्या जोडणीवर चालणाऱ्या शेजारच्या टाक्यांतलाही नको.

घरी आणल्यावर २० लिटरचा साधा टब, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला एक मडक्याचा तुकडा, एवढ्यावर विलगीकरण होते. हा स्पंज आधी दोन-तीन आठवडे मुख्य टाकीत चालवून मुरवलेला असावा. पिशवीतले पाणी टबात ओतायचे नाही, मासा जाळीने घ्यायचा. २६-२७ अंशांवर चार आठवडे ठेवा. या तापमानाला तेवढ्या काळात इकच्या बऱ्याच फेऱ्या होतात, त्यामुळे असेल तर तो दिसतोच. या टबाची जाळी, नळी, बादली वेगळी, आणि रोजचे काम करताना आधी मुख्य टाकी, मग हा टब, त्यानंतर हात साबणाने धुणे. चार आठवड्यांत एकही ठिपका, एकही घासणे दिसले नाही, तर मासा मुख्य टाकीत सोडा आणि टब धुऊन, वाळवून पुढच्या वेळेसाठी ठेवा.